सुनेच्या हाताखाली, समुद्रावर

ये गो, अशी जवळ येऊन बस. लांबून हसू नको. घरच्या ग्रुपवर माझा फोटो आला, लाल जाकीट, पाय आभाळाकडे, डोकं पाण्यात, आणि तू माझी सख्खी भाची असून त्याखाली ते रडेपर्यंत हसणारं पिवळं तोंड टाकलंस. एकदा तरी फोन करून विचारलंस का, मावशी, या वयात तू समुद्रात उलटी काय करत होतीस? नाही विचारलंस. बोट दाबलं की झाली तुमची विचारपूस. आता या लग्नघरात भेटलीच आहेस तर सगळं ऐकून जा.

माझी सून तुला माहीत आहे, शेणवे गावची. आवाज इतका बारीक की चुलीपाशी बोलली तर ओट्यावर मांजरालासुद्धा कळायचं नाही. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला धरणाचं पाणी तुंबतं, तिथं आता एक कॅम्प झालाय. शनिवारी मुंबईची माणसं येतात, तंबूत झोपतात, सिद्धगडाकडे बघून सुस्कारे टाकतात आणि सोमवारी आपापल्या कामाला जातात. त्या पाण्यावर लांबट फळ्या सोडतात, हवा भरलेल्या. फळीवर उभं राहायचं, हातात एकच लांब वल्हं घ्यायचं आणि जायचं. कुठं जायचं म्हणशील तर कुठंच नाही. जायचं आणि परत यायचं.

सून तिथं भाकऱ्या करायला लागली होती. भांडी घासून झाली की फळीवर चढायची. चढली ती उतरेना. तिकडं येणाऱ्या बायकांना शिकवायला कॅम्पला एक बाई हवी होती. कॅम्पची मालकीण तिला म्हणाली, अलिबागेच्या बाजूला समुद्रावर आमचं फक्त बायकांचं वल्ह्याचं शिबिर आहे, शनिवार-रविवार. तिथं ये, बघू तुला जमतं का. जमलं तर शिकवायचं काम तुझं.

सुनेला ते काम हवं होतं. किती हवं होतं ते ती तोंडानं बोलली नाही, पण त्या आठवड्यात तिनं न सांगता माझे गुडघे चोळले आणि ह्यांच्यासाठी रोज सुकट भाजली. तेवढ्यावरून ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

माझा लेक भिवंडीला गोदामात असतो. त्याला विचारलं तर म्हणे, बाबांना विचारा. बाबांना, म्हणजे आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, पाण्यावर उभं राहून कोणाचं पोट भरलंय? मग बराच वेळ तंबाखू मळून निकाल दिला, की म्हातारी जाईल सोबत, ती बघेल, आणि येऊन ती बोलेल तेच. ऐकायला किती बरं वाटतं बघ, घरात बायकोच्या शब्दाला केवढी किंमत! पण मला ओढा ओलांडायला कोणाचा तरी हात लागतो हे त्यांना चांगलं ठाऊक. नकार त्यांनी माझ्या तोंडात आधीच घालून ठेवला होता. मी तो समुद्रापर्यंत नेऊन परत आणायचा, एवढंच.

तर गेलो आम्ही दोघी. तिथल्या बायका पन्नाशीच्या आतबाहेर, सगळ्या शिकलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. सकाळी न्याहारीला काचेच्या बरणीत रात्रभर भिजवलेलं काहीतरी. म्हशीला आंबोण कालवतो ना, तसंच, पण वर बेदाणे. मला एक बनियन दिलं, त्यावर छातीवर इंग्रजी लिहिलेलं. सुनेला विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाली, निर्भय. म्हटलं बरं झालं इंग्रजीत आहे, समुद्राला वाचता यायचं नाही.

मग वाळूत गोल करून बसवलं. पाण्याशी तुमचं नातं काय, ते एकेकीनं सांगायचं. एक म्हणाली पाणी म्हणजे माझी आई. एक म्हणाली मी माझा राग समुद्रात सोडून जाणार आहे. मी मनात म्हटलं, बाई, संध्याकाळच्या भरतीला तो काय काय परत आणून टाकतो ते किनाऱ्यावर बघून घे आणि मग सोड. माझी पाळी आली. मी म्हटलं, वैशाखात आमच्या विहिरी आटतात, धरण भरलेलं असतं पण ते पाणी तुमच्याकडं येतं, आणि आमी डोक्यावर दोन हंडे घेऊन माळ चढतो. हे नातं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गो, एवढ्या वर्षांत डोक्यावरचा हंडा उतरवायला कोण आलं नाही, टाळ्यांना मात्र बाया कमी पडल्या नाहीत.

त्यानंतर मी जे केलं, त्यानंच सगळा घोळ झाला. पहिल्यांदा कोणाच्या दारात जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं आपल्याला आईनं शिकवलंय. समुद्राचं दार म्हणजे केवढं मोठं दार. मी घरून नारळ आणि खण नेला होता. कोणी बघत नाही असं बघून पाण्यात घोटाभर गेले, समुद्राची ओटी भरली, सुनेला सांभाळ म्हटलं आणि मागं वळले, तर मालकीण मोबाईल धरून उभी. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आजी, परत एकदा करा ना. लाइट बरोबर नव्हती."

मी म्हटलं, ओटी एकदाच भरतात, आणि नारळ पुढं गेला, त्याला काय हाक मारून बोलवू? ती खूप हसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दिवसभर सून फळीवर होती. शिकवणारी म्हणजे एक काटकुळी पोरगी, उन्हानं रापलेली, बोलायला कमी. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, ती खरी होती. लाटेवर फळी कशी धरायची, पडलेल्या बाईला वर कसं घ्यायचं, ते सगळं तिनं सुनेला दाखवलं, आणि सुनेनं चुकत चुकत केलं.

संध्याकाळी चहाला मालकिणीनं आम्हाला जवळ बोलावलं. म्हणाली, मला एक आयडिया सुचलीय. तुमच्या सुनेनं कॅम्पवर नऊवारी नेसायची, नथ घालायची, पाहुण्यांना कुंकू लावायचं आणि आज तुम्ही केलंत तशी पाण्याची ओटी भरायची. रोज सकाळी, ऊन कोवळं असताना.

मी विचारलं, आणि शिकवायचं कोणी?

"शिकवायला आमच्या मुली येतील मुंबईहून," ती म्हणाली. "ही गोड आहे हो, पण फार हळू बोलते. पाण्यावर हिचं कोण ऐकणार?"

सून उठली आणि वाळूतले ओले टॉवेल घडी करायला लागली. ओल्या टॉवेलची कोण घडी करतं गो? पण ती करत बसली, कोपऱ्याला कोपरा लावून.

मला फार लागलं ते. माझ्याच नारळानं माझ्या सुनेचा घात केला. आणि बघ कसं सगळं जुळून आलं होतं. मालकिणीला नथवाली मिळणार. आमच्या ह्यांना घरबसल्या नकार मिळणार, कारण नटून दारात उभं राहायला मी तरी तिला कशी सोडणार? आणि सुनेच्या वाट्याला टॉवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या फळ्या घेऊन निघाल्या, तेव्हा मी मालकिणीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं मला शिकायचंय, पण शिकवील ती माझी सून, दुसरं कोणी नाय. मालकिणीला काय, तिनं लगेच मोबाईल काढला. शिकवणाऱ्या पोरीनं मात्र माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि वाकून फळीची दोरी, पडलं तरी फळी निसटू नये म्हणून असते ती, माझ्या पायाला स्वतः बांधली. सुनेला म्हणाली, मी मागं आहे, तू शिकव.

आता सून मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्यापुढं आवाज चढवला नाही, मला कधी हात धरून इकडची तिकडं केलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून ती म्हणते, आत्या, जरा मध्ये सरकता का. आत्या, हात इथं ठेवाल का. वारा एवढा, लाटा एवढ्या, आणि ही बोलते जशी देवघरात. मला अर्धं ऐकूच आलं नाही. डावीकडं सरकले आणि गेले पाण्यात. वर आले तर ही म्हणते, चुकले आत्या. चुकले मी, माफी मागते ही. पुन्हा चढले. पुन्हा तेच. ती फळीला धरते, मला धरत नाही. मी पडतेय ते तिला दिसतंय, पण सासूच्या कमरेला हात घालायला तिचा हातच उठत नाही. किनाऱ्यावर मालकीण कोणाला तरी सांगत होती, बघ, मी म्हटलं नव्हतं?

नाकातोंडात खारं पाणी, डोळे चुरचुरताहेत, तशीच मी सुनेला जवळ ओढलं. म्हटलं, "अगो, तुझी सासू तिकडं चपलांपाशी बसलीय. ही म्हातारी तुझी कोण लागत नाय. वरड तिच्यावर."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तोंड उघडलं.

"गप बसा मग आधी. मी सांगते तेवढंच करा. गुडघ्यावर या. पाय हलवू नका. समोर बघा. माझ्याकडं नाय, समोर. दर वेळी माझ्याकडं काय बघता, मी कुठं चुकते ते? मला येतं. मला येतं ते मला करू द्या, मध्ये मध्ये हात घालू नका."

मी तुला खरं सांगते, त्यातलं फळीसाठी होतं ते "समोर बघा" पर्यंत. पुढचं सगळं स्वयंपाकघरातलं. लग्नापासून साठलेलं होतं बिचारीचं, आणि तो आवाज कुठं ठेवला होता कोण जाणे, किनाऱ्यावरच्या बायकांच्या माना वळल्या. आणि बोलता बोलता तिनं माझ्या कमरेला असा हात घातला, पोतं धरतात तसा, आणि ठेवली मला फळीच्या मधोमध. मी समोर बघितलं. वल्हं मारलं. फळी सरकली.

गेले मी. लांब नाही, आपल्या अंगणाएवढी. गुडघ्यावरच होते. मग माज आला आणि उभी राहायला गेले, आणि तो तुझा फोटो झाला. पण वर आले तेव्हा मी हसत होते आणि सून अजून ओरडतच होती.

शिबिरात बँकेतल्या एक मोठ्या साहेबीण बाई होत्या. दोन्ही दिवस टोपी घालून कोरड्या बसल्या होत्या, पाण्याला घाबरून. त्या आल्या लुगडं सावरावं तशी चड्डी सावरत आणि सुनेला म्हणाल्या, मला पण शिकव, आणि माझ्यावर पण असंच ओरड. त्यांच्या मागं आणखी दोघी. दुपारपर्यंत सुनेचा घसा बसला. एकीच्या पायाला ती दोरी बांधायची विसरली, तर शिकवणाऱ्या पोरीनं तिला सगळ्यांसमोर झापलं आणि सुनेनं ते ऐकून घेतलं. तेही बरंच झालं.

निघताना त्या पोरीनं मालकिणीला सांगितलं, हिलाच घ्या, मी महिनाभर येऊन तयार करते. मालकिणीचा जीव अजून नथीत अडकलेला. म्हणाली, नऊवारी नेसून शिकवता नाही का येणार? तर ती पोरगी शांतपणे म्हणाली, "तुम्ही नेसा, मी तुम्हाला पाण्यात ढकलते, मग ठरवू." त्यावर विषय मिटला. काम सुनेला मिळालं, तेही शिकवायचं.

पण घरचं बाकी होतंच. आलो तर आमचे हे ओट्यावर वाट बघत बसलेले, नकार ऐकायला सजून. सून आत गेली, मला माहीत होतं ती दाराआड उभी आहे.

ते म्हणाले, काय, बघितलंस?

मी म्हटलं बघितलं. ती जाईल.

त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग लोक काय बोलतील ते सांगून झालं, पोराला काय वाटेल ते सांगून झालं, जणू पोराला काही वाटायची सवय आहे. शेवटी म्हणाले, आणि बुडली तर?

"ती बुडायची नाय," मी म्हटलं. "तिनं मला बुडू दिलं नाय. आणि मला बुडवायला तिच्याकडं कारण होतं."

ह्यांची तंबाखू हातातच राहिली. मग हळूच विचारतात, ती खरंच वरडली तुझ्यावर? त्या आवाजात काळजी नव्हती गो, हेवा होता. जन्म गेला, त्यांना ते जमलं नव्हतं. मी हो म्हटलं. मग त्यांनी आत बघून सुनेला हाक मारली, आणि शनिवारी किती वाजता निघायचं असतं ते विचारलं.

तर आता ती शनिवार-रविवार पाण्यावर असते. घरच्या भाकऱ्या त्या दोन दिवशी मी करते, आणि हे खातात, जाड झाल्या तरी खातात.

तूच एक उरलीस. हसतेस, पण आमच्या गावाला येत नाहीस. पाऊस लागला की पाण्यावर जायचं बंद होतं, त्याआधी ये. मुरबाडला उतरलीस की फोन कर, कोणाला तरी गाडी घेऊन पाठवते. तासाभरासाठी येऊ नको, दोन रात्री काढून ये, भिजायला जुने कपडे आण. तुला शिकवायचं म्हणून सुनेला मी सांगून ठेवलंय. लवकर ये गो.