फाटलेल्या दुधाची कॉफी

सकाळी दवाखान्यात गरम कॉफीत पाकिटातलं क्रीम ओतलं, ते फाटून पांढरे कण वर आले आणि मला कोंडाणे गावाच्या वरची वाडी आठवली. तिथं मी बाळांना लस द्यायला जायचे. एका बाळाच्या आईनं माझ्यासाठी मुद्दाम कॉफी केली. घरात रोज गुळाचा कोरा चहा, त्यामुळे सवयीनं कॉफीतही गूळ पडला. शेजारून मागून आणलेलं दूध त्यात ओतताच फाटलं. तिचा चेहरा एवढासा झाला. "आमच्याकडे अशीच पितात गं," म्हणत मी कप संपवला. पुढच्या महिन्यात गेले, तर ती दारातच हसली, "बसा ताई. तुमाला आवडती तशीच केलीय, आज लिंबूबी पिळलंय." तोही कप मी संपवला होता. आजचा बेसिनमध्ये ओतताना मात्र हात थांबला.