निवडलेली मेथी

मालूआत्या गेल्याचं तिच्या शेजारच्या कुसुमकाकूंनी फोनवर सांगितलं. "सकाळी दूध घ्यायला दार उघडलं नाही, तेव्हाच ओळखलं मी," म्हणाल्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची, कसब्यात दोन खोल्यांत एकटी राहायची आणि लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर "वेळ झाला नाही" एवढंच सांगायची.

मी अकरावीत होते त्या वर्षी बाबांनी कारखान्यातली नोकरी सोडून सॉफ्टवेअर कंपनी धरली आणि आम्ही कर्वेनगरला फ्लॅटमध्ये राहायला गेलो. चाळिशी उलटल्यावर बाबा रोज नवं काहीतरी शिकत होते. आपण मागे पडू ही त्यांची धास्ती शेवटी माझ्यावरच निघायची. जेवायला बसलं की माझ्या मार्कांचा विषय. मी आधी जेवण टाळायला लागले, मग बोलणं. झोप उडाली. आई म्हणे, "वयच आहे तसं, होईल नीट."

आत्या दर रविवारी बसने यायची, पिशवीत मेथीची जुडी घेऊन. हॉलमध्ये पेपर पसरायची आणि हाक मारायची, "चल गं, हात लाव जरा." विचारायची मात्र काहीच नाही. मेथी निवडताना मान खाली असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही... एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, मला जगावंसंच वाटत नाही."

तिचा हात थांबला, पण तिने वर पाहिलं नाही. "कधीपासून?" मी सांगत गेले, ती निवडत राहिली. मग म्हणाली, "उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ. मनाच्या. आणि श्रीशी, तुझ्या बाबांशी, मी बोलते."

बोलली, तेही माझ्यासमोरच. बाबा तडकले, "अक्का, आमच्या घरात कोणी वेडं नाहीये!"

"नाहीच्चे. पण आपले वडील, अण्णा, तुझे मार्क सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे आणि तू भरल्या ताटावरून उठायचास. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसणार."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाबाही डॉक्टरकडे आले. मला बरं व्हायला बराच काळ लागला, पण जेवताना मार्क पुन्हा कधी निघाले नाहीत.

आत्याच्या तेराव्याला काय काय करायचं ते ठरत होतं. बाबा म्हणाले, "मेथी हवीच. अक्काच्या आवडीची."

"मालूच्या?" कुसुमकाकू म्हणाल्या. "अहो, तिला मेथीचा वाससुद्धा चालायचा नाही. तुमच्याकडून आली की म्हणायची, आज परत भाजी पाण्याबरोबर गिळली."

इतके दिवस कोरडी राहिलेली मी तिथे ढसाढसा रडले. बाबा उठून गॅलरीत गेले.

माझी मुलगी सई आता अकरावीत आहे. हल्ली कॉलेजातून आली की खोलीचं दार लावून घेते. विचारलं तर "काही नाही." गेल्या रविवारी बाबा आले ते मेथी घेऊनच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गुडघे कुरकुरत असताना जमिनीवर बैठक मारली, पेपर पसरला आणि हाक दिली, "सई, हात लाव जरा."

सई आली. बाबांना मेथी निवडता येत नाही, जाड देठंही पानांत जात होती. मी स्वयंपाकघरातून बघत होते. अर्धी जुडी निवडून झाली.

मग सईने विचारलं, "आजोबा, तुम्हाला माझ्याएवढे असताना भीती वाटायची?"

बाबांनी वर पाहिलं नाही. एक देठ खुडत म्हणाले, "हो गं. फार."