नातच्या कव्हरातली सीडी

अन्याय झाला तो इम्तियाजवर. दोन हजार तीनचा रमजान, दुसरा शुक्रवार, इफ्तारची वेळ, कतारमध्ये, दोह्यातल्या अल हिलालमधलं त्यांचं घर. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — माझ्यावर भरवसा ठेवणारी माणसं वाढत चाललीयत, म्हणून.

सीडी माझी होती. चार नावाजलेल्या गँगस्टा रॅपरांनी एकत्र येऊन काढलेला पहिला अल्बम. मुंबईच्या मावसभावाने कुणाच्या तरी बॅगेतून पाठवलेली कॉपी. पोलिसांना शिव्या, मालकांना शिव्या — सोळाव्या वर्षी मला तेच हवं होतं. पण आई रोज माझं दप्तर झाडायची. म्हणून मी ती वरच्या मजल्यावर, मैत्रिणीच्या, शबानाच्या घरी ठेवली. कुठे? तिच्या अम्मीच्या नातच्या सीडीच्या कव्हरात. पैगंबरांच्या स्तुतीची गाणी — तिथे कोण शोधणार? केवढी हुशारी!

त्या शुक्रवारी पाहुणे जमले, खजूर फिरले, आणि चाचींनी, म्हणजे शबानाच्या अम्मींनी, नात लावली.

आधी बंदुकीचा आवाज. मग शिवी.

सगळ्या नजरा शबानाच्या भावाकडे, इम्तियाजकडे. ढगळ पँट घालणारा, इंग्रजी गाणी गुणगुणणारा तोच ना!

"माझी नाय ती, अब्बा!"

"मग काय तुझ्या अम्मीची?"

चाचांनी मला विचारलं. मी म्हणाले — त्याच्याकडे पाहिली होती.

"खोटं बोलते ही!"

"इंजिनियरसाहेबांची पोरगी खोटं बोलंल? कशापायी?"

कशापायी? भीती होती, हो. पण 'तो मुलगा जरा तसलाच' ही कुजबुज आमच्याच घरात चालायची. माझं खपणार, हे मला ठाऊक होतं — आणि तो संशय मी वापरला.

ईदनंतर त्याला रत्नागिरीला काकांकडे धाडलं, बारावीचं वर्ष अर्ध्यावर टाकून. चाचा त्याच्याशी कित्येक वर्षं बोलले नाहीत. मी? मी शबानाबरोबर त्याला विमानतळावर सोडायलाही गेले.

आता मी पुण्यात कामगारांसाठी पत्रकं लिहिते. अमका ठेकेदार चोर, तमका मुकादम लबाड — ठणकावून लिहिते, आणि लोक धडाधड सह्या करतात. शिकलेली मुलगी खोटं कशाला लिहील?

तेव्हा माझं पत्रक तुमच्या हातात आलं, तर सही करू नका. आधी मला अडवा, आणि विचारा — ज्याच्यावर हे लिहिलंयस, त्याचं ऐकून घेतलंस का?