चपलेत ठेवलेला फोन

माझ्या मुलाने उभ्या आयुष्यात एकदाच फोन उचलला नाही, आणि मला आनंद झाला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

मी विलासची आई. मला लिहिता येत नाही. मी बोलतेय आणि त्याची मुलगी सोनल तिच्या फोनवर टाईप करतेय. तिला सांगून ठेवलंय, माझं बोलणं सुधारायचं नाही.

विलूचा आंब्याचा धंदा. दोन फोन. जेवताना ट्रक, आंघोळीला जाताना ट्रक. देवाला नमस्कारसुद्धा एकाच हाताने.

मग बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, जरा स्लो व्हा, निसर्गात जा.

सोनलने त्याला एक अ‍ॅप दिलं. घंटा वाजते आणि एक बाई इंग्रजीत सांगते, श्वास घ्या.
हा एका फोनवर श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यावर ड्रायव्हरला शिव्या घालायचा.

मी म्हटलं, "त्या बाईला कशाला त्रास देतोस? चल माझ्याबरोबर तिसऱ्या काढायला."

भाट्याच्या खाडीत ओहोटी लागली की मी लहानपणापासून तिसऱ्या काढते. शिंपल्या हो, चिखलात असतात. वर दोन बारीक भोकं दिसतात, त्याच्याखाली ती बसलेली. पण धपधप चाललात की भोकं मिटतात.
मग नुसतं उभं राहायचं. परत उघडेपर्यंत.

नियम माझा. फोन चपलेत आणि चपला काठावर.

पहिल्या दिवशी त्याची तगमग बघण्यासारखी होती.

"आये, किती वेळ असं उभं राहायचं?"
"त्यांना विचार."
"कोणाला?"
"पायाखाली हायत त्यांना. त्या काय तुझ्याकडे नोकरीला नायत."

सगळ्या ओहोटीत त्याला पाच मिळाल्या. दोन रिकाम्या.

पण परत आला. मग रोजच यायला लागला. "आये, उद्या ओहोटी कधी गो?" हे तो विचारायचा, मी नाही.

एकदा म्हणाला, "आये, पाणी जाताना बारीक आवाज करतं."
मी साठ वर्षं ऐकतेय तो आवाज. म्हटलं, "काय सांगतोस! पेपरात दे."
तो हसला. लहानपणी हसायचा तसा. मधली चाळीस वर्षं ते हसू कुठे होतं कोण जाणे.

बीपी उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेता?"
"तिसऱ्या."
"जास्त खाऊ नका."
"खात नाय, काढतो."

मला वाटलं, जिंकले.

मग तो दिवस.

काठावर आलो. त्याने चपला काढल्या, फोन चपलेत ठेवला. चिखलात उतरला नाही. तिथे एक पालथी होडी होती, तिला टेकून बसला.
"आज नुसता बसतो, आये."
मी म्हटलं, "बस. आळशी मेला."

मी खाली उतरले. पाठ त्याच्याकडे. हात चिखलात, तोंड चालू. त्याची चेष्टा करत होते. जावई कसा शोधणार, तो पण ट्रकवालाच का, असलं काहीतरी.

फोन वाजला.
परत वाजला.
त्याने उचलला नाही.

मी वळले पण नाही. मोठ्याने म्हटलं, "शाब्बास! वाजू दे मेल्याला!"

टोपली अर्धी झाली. पाणी घोट्याला लागलं, म्हणजे भरती आली. तेव्हा वळले.
"ऊठ रे, विलू."

तो पाण्याकडे बघत होता. हात मांडीवर. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या.
इतका शांत मी त्याला कधीच बघितला नव्हता.

फोन ट्रकवाल्याचा होता. ट्रक सुटला, एवढंच सांगायचं होतं त्याला.

डॉक्टरांनी मला विचारलं, "आजी, आधी काही म्हणाले होते का? दुखतंय वगैरे?"
मी म्हटलं, "नाही."
ते म्हणाले, "मग क्षणात गेले. कोणालाच काही करता आलं नसतं."

सगळ्यांनी ते धरून ठेवलं. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा. क्षणात गेला, समुद्राकडे बघत गेला, नशीबवान.

आता सांगते.

होडीला टेकण्याआधी तो म्हणाला होता, "आये, डावा खांदा धरलाय गो सकाळपासून."
मी म्हटलं, "चिखलात वाकायचं नाय म्हणून नाटकं."

एवढंच. एवढं एक वाक्य वर्षभर माझ्या तोंडात आहे.

तुम्हाला अक्षर येतं. तुम्ही कागदावर लिहून कागद जाळू शकता. मला काही बाहेर काढायचं तर कोणाच्या तरी तोंडावरच बोलावं लागतं. माझ्या घरात टाईप करणारी एकच, आणि ती त्याचीच मुलगी.

सोनल थांबलीये.
लिही, बाय. हे पण लिही.

तिने फोन खाली ठेवला. डोळे पुसले. परत उचलला. मला काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वर्षभर मी खाडीवर जातेय. भोकांपाशी उभी राहते. दोन मिनिटं झाली की मागे वळून बघते. परत वळते. माझे पाय थांबत नाहीत, भोकं मिटतात. टोपली रिकामी घेऊन घरी येते.
त्याला शिकवलं आणि माझं मीच विसरले.

तुम्ही जा खाडीवर. फोन चपलेत ठेवा, उभे राहा. बरं वाटतं, ते खोटं नाही. माझ्या मुलाला वाटलं होतं.
फक्त शेजारचा फार वेळ गप्प बसला तर एक हाक मारा. आणि तो ओ देईपर्यंत दुसरं काही बोलू नका.

सोनल विचारतेय, "आजी, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहू?"
नको. ते लांबच्या माणसाला लिहितात. मी सांगते तेवढं लिही.

विलू.
ओ दे रे.