मास्तरांचं टेबल

कटिंगमास्तर तसे भले गृहस्थ. कापडाची चिंधी वाया जाऊ द्यायचे नाहीत, कुणाला उलट बोलायचे नाहीत. खोड एकच, दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की पोटात दुखायचं. पूर्वी ते अधूनमधून दुखायचं. मास्तर काम करत त्या शिवणाच्या दुकानात दुसरी कटर आली आणि रोजचंच झालं. मुलींच्या फ्रॉकना ती झालरी सुरेख लावायची म्हणून सगळे तिला झालरवाली म्हणत. मास्तर तिला काहीच म्हणत नसत.

आता मालकीणबाई दुसरं दुकान काढत होत्या. ते कुणाच्या हाती द्यायचं हे मनाशी ठरवून त्यांनी दोघांना जेवायला नेलं. सोबत काजं-बटणं करणारी मावशी होतीच. हॉटेल मंगोलियन, आणि तिथली तऱ्हा निराळी. रिकामा वाडगा घ्यायचा, कच्च्या भाज्या, नूडल्स, मांस हवं ते आपल्या हाताने भरायचं; मग भल्यामोठ्या गोल तव्यावर आचारी ते तुमच्यासमोर परतून देणार. वाडगा मात्र एकदाच भरायचा.

मास्तरांचं लक्ष वाडग्यात कुठलं! मालकीणबाई झालरवालीच्या शेजारी का बसल्या? तिला त्या 'अगं' म्हणतात, आपल्याला मात्र 'अहो मास्तर'. म्हणजे दुकान तिलाच. जळफळाट नुसता. झालरवालीचा वाडगा अर्धाच दिसला तशी मास्तरांनी आपल्या वाडग्यात कोबी-पालकाचा डोंगर रचला, दाबला, वर आणखी रचला. निदान इथे तरी ती मागे पडू दे!

तव्यावर पडल्यावर डोंगराची मूठभर भाजी झाली. कापड आधी भिजवून आटवल्याशिवाय ज्याने जन्मात कात्री लावली नाही, त्याला पाला आटतो हे सुचू नये!

"मास्तर, आटायची सूट धरायला विसरलात होय?" मावशीला हसू आवरेना.

झालरवाली हसली नाही. तिने आपल्या नूडल्स मुकाट्याने मास्तरांच्या ताटलीत सरकवल्या. हे तर त्यांना जास्तच झोंबलं. नावं ठेवायलासुद्धा जागा ठेवत नाही ही बाई!

मग मालकीणबाईंनी घसा साफ केला. "अहो मास्तर, नवं दुकान तुम्ही सांभाळायचं. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही मी."

मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी झालरवालीकडे चोरून पाहिलं. ती मनापासून खूश दिसत होती. हरलेलं माणूस इतकं खूश कसं?

"आणि माझं टेबल?" त्यांनी विचारलं. "ते खिडकीजवळचं?"

"तिथे ही बसेल की."

म्हणजे तो सकाळचा उजेड तिचा. त्यांची जुनी गिऱ्हाइकं तिची. मालकीणबाई चार वाजता त्या टेबलाला टेकून चहा प्यायच्या, तोही आता तिच्यासोबत. नव्या दुकानात काय, चार कोऱ्या भिंती! मास्तरांच्या पोटात असं दुखलं की नूडल्स खाली उतरेनात.

"बाई," ते म्हणाले, "नवं दुकान हिलाच द्या ना. मी आहे तिथेच बरा."

मालकीणबाईंनी झालरवालीकडे पाहिलं. "काय गं, जमेल?"

"जमेल की!" ती लगेच म्हणाली. मालकीणबाईंनी कौतुकाने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मास्तर त्या हाताकडे बघत राहिले.