मिश्रीच्या बाटलीवरची कुंकवाची रेघ

आमच्या नळदुर्गातल्या शुक्रवारच्या आरतीला आम्ही दहा-बाराजणी जमतो. आरतीनंतर फुटाणे-गुळाचा प्रसाद असतो, आणि कुणाची दाढ किडली, कुणाची हिरडी सुजली, हे तिथंच उघडं पडतं. फुटाणा फोडताना कुणी एक डोळा मिटला की बाकीच्यांच्या नजरा तिच्याकडं! त्यामुळं दातांचे किस्से आम्हाला गोळा करावे लागत नाहीत. प्रसादाबरोबर तेही घरी येतात.

*

आमच्या शेजारच्या शकूकाकू प्रसाद घ्यायच्या, पण खायच्या नाहीत. पदराच्या टोकाला बांधून ठेवायच्या. माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) लगेच संशय. "देवीचा परसाद कुणाला नेती गं ही? इचारलं तर तोंड बी उघडत न्हाय!"

तोंड उघडत नव्हत्या, हे मात्र खरं. एका शुक्रवारी काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. आरतीला अजून वेळ होता, तरी मला कापराचा वास आला.

"काकू, कापूर कुणी लावला?"

काकूंनी हळूच गालावर बोट ठेवलं. किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात बाई आठ दिवस कापूर भरत होत्या! आजूबाजूची हिरडी भाजून पांढरी पडली होती.

मी त्यांना उमरग्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी आत बघितलं आणि हातच जोडले. "काकू, कापूर आरतीला ठेवा. दाढेला मी आहे!"

*

कीड फार खोल गेली होती, दाढ काढावीच लागणार होती. काकू खुर्चीतून उठूनच बसल्या. "वरची दाढ काढली की डोळा जातो."

"नाही हो जात."

"तुमी तसंच म्हणणार! मागनं म्हणाल, म्हातारीला आधीच दिसत नव्हतं."

मग काकूंनी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचलं. मला साक्षीदार केलं. दाढ निघाली. तोंड बधिर, दातात कापसाचा बोळा, तरी बाई परत कॅलेंडरसमोर हजर! बोलता येईना, म्हणून बोटानं दाखवायला लागल्या. एकादशी दाखवली, चतुर्थी दाखवली, खालचं बारीक अक्षरातलं पंचांगही दाखवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नजर वाढलेली दिसते. बाकीच्याही काढू का?"

*

आता आमच्या घरातलं. घरात आम्ही तिघंच: आत्याबाई, मी आणि आमचे हे. आत्याबाईंना लग्नाआधीपासून मिश्रीची सवय. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दिवसातून चार वेळा दाताला लावायची आणि गालात धरून बसायचं.

एक दिवस ताट पुढं सारून म्हणाल्या, "मिरची बदललीस व्हय गं?"

"नाही, आत्याबाई."

"मग ठेच्यात काय घातलंस? तोंडाची आग आग हुती!"

चार दिवस त्या माझ्या ठेच्याकडं संशयानं बघत होत्या, आणि मी त्यांच्या गालाकडं. शेवटी मोबाइलची बॅटरी लावून म्हटलं, "आ करा बरं." जिथं मिश्री धरायच्या, नेमका तिथंच पांढरा डाग! पुसून जाईना.

दुसऱ्याच दिवशी उमरगा. डॉक्टरीणबाई ह्या वेळी हसल्या नाहीत. "मिश्री आजपासून बंद. महिन्यानं या. डाग गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

तपासायला म्हणजे कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही.

*

घरी आल्यावर आत्याबाईंनी मिश्रीची काचेची बाटली देव्हाऱ्यातल्या देवीपुढं ठेवली. "माय, ही तुला वाहिली."

मी टाकून द्यायला उचलली, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. डोळ्याम्होरं असून सोडली तरच ती सोडली."

मीही नवस बोलले. डाग जाईपर्यंत शुक्रवार अळणी करायचे. देवीवर माझा पूर्ण भरवसा. आत्याबाईंवर... म्हणून मी पुडीच्या पातळीला बाटलीवर बाहेरून कुंकवाची एक बारीक रेघ ओढली.

पहिल्या आठवड्यात पूड रेघेच्या खाली गेली!

*

तेव्हापासून मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला लागले. उगाच जवळ जायचं आणि म्हणायचं, "काय म्हणालात, आत्याबाई?"

चौथ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दाताचं ऱ्हाऊ दे. आदी तुला कानाच्या डाक्टरकडं नेते!"

वास काही येत नव्हता. पण पूड घटत होती. मी नवी रेघ ओढायची, पूड तिच्याही खाली. शेवटी मी ह्यांना सांगितलं. ह्यांची दाढ दुखत होती, म्हणून गालात सारखी लवंग. लवंगेनं ठणका दबतो, कीड थांबत नाही, असं मी शंभरदा सांगितलं. पण डॉक्टरकडं यायला तयार नाहीत. ती लवंग ह्या गालातून त्या गालात सारून हे आईवर कडाडले, "आई, निदान देवीशी तरी खोटं वागू नकोस!"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "म्या हात लावला न्हाय, देवीची आन. उपास माझ्यासाठी धरतीस, आन संशय बी माझ्यावरच?"

खोटं बोलत असतील तर डाग वाढणार, आणि खरं बोलत असतील तर मी देवीसमोर काय तोंड दाखवणार?

*

महिना झाला. ह्यांच्या दुकानाला सुट्टी होती, हे घरीच थांबले. निघण्याआधी मी शेवटची रेघ ओढली आणि आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं उमरग्याला गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून बराच वेळ बघितलं. मी मनात देवीचं नाव घेत होते.

"आजी, डाग जवळजवळ गेलाय! मिश्री खरंच सोडलीत. आता दर तीन महिन्यांनी दाखवत जा."

मी तिथंच आत्याबाईंच्या पाया पडले. "ऊठ," त्या म्हणाल्या, "आता मीठ खा."

संध्याकाळी पेढे घेऊन दोघी देवीपुढं उभ्या राहिलो. माझी नजर बाटलीवर गेली. पूड सकाळच्या रेघेच्या बोटभर खाली!

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी बाटलीकडं बघितलं. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून हे गालात लवंग घोळवत आले. "काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

आत्याबाईंनी माझ्या हातातला मोबाइल घेतला, बॅटरी लावली आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "ये रं बाळा, जवळ ये. आ कर."