काजाचा टाका

प्रिय अनुजा आणि निखिल,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही – तिथेही मी दुसरंच काहीतरी बोलत असे.

आत्ताच का सांगते? कारणं दोन. अनुजाचं पत्र आलं, की आजी ठाण्याला बायकांच्या इस्त्र्या, स्टोव्ह, शिलाईची मशिनं दुरुस्त करून द्यायची हे तिने कॉलेजात सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना माझं फार कौतुक वाटलं. ते पत्र मी घडी घालून ठेवलं आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सुमतीच्या मुलाचा फोन आला. सुमती गेली. हे ठाऊक असणारं माझ्याखेरीज माझ्या माहितीत एकच माणूस उरलं होतं, आणि ते गेलं.

तेव्हा क्रमाने सांगते. क्रमाने सांगितलं की लपवायला जागा उरत नाही.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही नौपाड्यात राहत होतो. तुमचे आजोबा शाळेत मास्तर. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्याआधी दोन वर्षं सायन्सला होते. नोकरी करायची नाही असं घरात ठरलं होतं – कुणी ठरवलं ते विचारू नका, त्याबद्दल हे पत्र नाही. वडिलांकडचं घरगुती दुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं. ते वाचून मी आधी आमचा स्टोव्ह उघडला, मग शेजारणीचा. मग दुपारी, पुरुष कचेरीत गेले की बायका पदराखाली वस्तू घेऊन येऊ लागल्या. मी काही घेत नसे. त्या 'कशी गं तुझी बुद्धी' म्हणत, तेवढं मला पुरे होतं. पुरे होतं? खरं म्हणजे त्याशिवाय माझं चालत नव्हतं.

त्या काळी इस्त्रीच्या वायरवर सुती विणीचं आवरण असे. ते कडेला उसवायचं. वायरमन तिथे काळी पट्टी गुंडाळत, ती चिकट, ओंगळ दिसे. मी तिथे दोऱ्याने काजाचा टाका घालत असे – ब्लाउजच्या काजाला घालतात तोच, एकाला एक लागून. फार सुबक दिसायचा. ठाण्यात माझी वायर दुरून ओळखू येई.

सुमती माझी मैत्रीण, दोन घरं सोडून राहायची. तिच्या इस्त्रीची वायर मी अशीच शिवून दिली. आतल्या तारेचं रबर झडलं होतं ते मला दिसलं होतं, पण वरून टाका इतका छान बसला की मी ते तसंच ठेवलं. आठ दिवसांनी ठिणगी उडाली आणि त्यांच्या घरातला फ्यूज गेला. तिच्या यजमानांनी – भाऊसाहेबांनी – इस्त्री उचलली आणि टेंभी नाक्याजवळ दामू वायरमनकडे नेली.

दामूकडे सरकारी लायसन्स होतं. ते काचेच्या चौकटीत घालून त्याने दुकानात लावलं होतं. त्याचा बाप मिठागरावर राबलेला. दामू लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम शिकला, परीक्षा दिली. आम्ही सगळे त्याला अरे-तुरे करत होतो. वयाने तो माझ्याहून मोठा होता. हेही नोंदवून ठेवते.

त्याने इस्त्रीला नवी वायर घातली. जुनी, माझ्या टाक्याची, त्याने टाकली नाही. लायसन्सच्या चौकटीखाली खिळा ठोकून त्यावर टांगली. गिऱ्हाईक आलं की दाखवायचा. ''हा बघा, बीए पास टाका. जाम बेस हाय. पन करंटाला शिवन कलत नाय.''

तुमचे आजोबा एकदा बल्ब आणायला गेले, तर तो म्हणाला, ''मास्तर, घरात वायरमन असताना इथं कशाला येता?'' दुकानात हशा पिकला. आजोबांनी घरी येऊन मला हे सांगितलं, आणि सांगताना ते स्वतःही हसले. बूट काढता काढता हसत होते. मी पोळ्या लाटत होते. पुढची पोळी मी इतकी पातळ लाटली की ती पोळपाटाला चिकटली.

त्या दिवसापासून दुपारच्या बायका यायच्या थांबल्या.

मी त्या माणसाचा किती द्वेष केला ते तुम्हाला कसं सांगू? भाजी चिरताना करत होते, वेणी घालताना करत होते. तो चुकीचं बोलला असता तर मी विसरले असते. तो बरोबर बोलला होता.

मार्गशीर्षात एका दुपारी सुमती आली. तिने घाईत भिंतीवरून पिन ओढली होती, वायर हिसकून पिनेतून तारा निघाल्या होत्या. भाऊसाहेबांना कळलं तर बोलतील, पाच वाजायच्या आत करून दे, म्हणाली. मला काय वाटलं असेल? दामूने केलेलं काम सुटलं होतं. मला आनंद झाला.

मी पिन उघडली. आत तीन तारा, तिन्ही काळ्या. लढाईनंतर रंगीत वायर सहज मिळत नसे, वायरमन मिळेल ती वापरत. एका तारेच्या टोकाशी त्याने गाठ मारलेली होती – जाड, गबाळी गाठ. मला वाटलं, हे बघा लायसन्सवाल्याचं काम. शिवणाच्या कात्रीने मी ती गाठ कापून टाकली, तिन्ही तारा सारख्या लांबीच्या केल्या, स्क्रूखाली नीट बसवल्या, आणि पिनेच्या तोंडाशी काजाचा टाका घातला. मुद्दाम घातला. पुन्हा कधी दामूच्या हाती ती वायर गेली तर त्याला दिसावा म्हणून.

गाठ ही त्याची खूण होती. ती तार अर्थची – इस्त्रीच्या लोखंडाला जोडलेली, जमिनीत जाणारी. तिन्ही तारा सारख्याच दिसतात म्हणून तो तिला गाठ मारून ठेवत असे. मी ती तार उचलून नेमकी करंटाच्या टोकाला लावली, म्हणजे सगळं लोखंडच करंटात आलं. चालवून पाहिली का नाही, असं निखिल विचारेल. आमच्या घरात तीन पिनांचा पॉइंट नव्हता. दिवे होते, पंखा होता. इस्त्री लावायची सोय नव्हती. मी इतक्या इस्त्र्या दुरुस्त केल्या आणि एकही स्वतः लावून पाहिली नाही. हे त्या बायकांना मी कधी सांगितलं नाही.

सुमतीने घरी जाऊन इस्त्री लावली. ती तापेना. तापली का ते बायका कसं बघतात ठाऊक आहे? बोट ओलं करून. तिने एकदा बटण बंद करून पाहिलं, पुन्हा लावलं, मग हात ओला करून तळाला लावला. पंजा कडेवर आवळला गेला तो सुटेना. तिच्या सासूबाईंनी बसायचा पाट उचलून इस्त्रीवर मारला तेव्हा सुटला.

आरडाओरडा ऐकून मी धावले. सासूबाई आणि शेजारचे लोक तिला डॉक्टरांकडे घेऊन जात होते. ''घराकडे बघ गं जरा,'' असं सासूबाई मला म्हणाल्या. त्यांनी घर माझ्यावर टाकलं. मी आत गेले. इस्त्री जमिनीवर आडवी पडली होती. पिन भिंतीतून निघून आली होती आणि तिच्या तोंडाशी माझा टाका – पांढरा, एकाला एक लागून.

मला विचार करावा लागला असं मी तुम्हाला सांगितलं असतं, पण तसं झालं नाही. मी घरी जाऊन कात्री आणली, टाक्याच्या मागे दोन बोटं अंतरावर वायर कापली आणि पिन कमरेला खोचली. मग त्यांच्या स्वयंपाकघरातलं उतू जाणारं दूध उतरवलं. त्या गोंधळात घाबरून कुणीतरी वायर कापली असेल, असंच नंतर सगळ्यांनी धरलं.

सुमतीच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. मी तिच्या उशाशी बसले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणाले, ''तू पुन्हा माझ्याकडे दिलीस हे भाऊसाहेबांना कळलं, तर?'' तिने डोळे मिटून घेतले. ती चाळीस-पन्नास वर्षं काही बोलली नाही. मी तिला मैत्रीण म्हणते.

पौषात संक्रांत आली. हळदीकुंकवाला त्या वर्षी मी एकही घर चुकवलं नाही. प्रत्येक घरी सुमतीच्या हाताचा विषय निघेच. मी तिळगूळ घेई, वाण पदरात घेई, आणि म्हणत असे, ''त्या दामूनेच दुरुस्त केली होती ना मागे? लायसन्स आहे म्हणे त्याच्याकडे.'' एवढंच. यात खोटा शब्द एकही नाही, बघा. ते वाक्य मी घरी बसून जुळवलं होतं, आणि 'म्हणे' कुठे म्हणायचं तेही ठरवलं होतं. गोड बोलायचा सण होता आणि मी गोडच बोलत होते. सातव्या-आठव्या घरी तर माझ्याआधीच दुसरीने तेच वाक्य मला ऐकवलं. तेव्हा जी चव जिभेवर आली ती मला अजून आठवते. ती वाईट नव्हती.

त्यानंतर दामू आमच्याकडे आला. सकाळची वेळ, आजोबा शाळेत गेलेले. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे धरलं. खिळ्यावरची वायर होती.

''ही घ्या वैनी. मी हसलो ती चूक झाली.''

मी वायर घेतली.

''भाऊसाहेबांकडची वायर मी बघितली. पकडीनं कापली तर तार चेपते. ती चेपलेली नाय. शिवनाची कातरी हाय ती.'' मग म्हणाला, ''आत गाठ होती ना, वैनी? अर्थच्या तारेला मी गाठ मारतो. तुमी बघितली असल. लोकांना नका सांगू. फक्त भाऊसाहेबांना सांगा. नायतर माझा लायसन जाईल.''

त्याला सगळं कळलं होतं. रागावला नव्हता, धमकी दिली नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि तेवढ्याने त्याचं दुकान राहिलं असतं.

मी म्हणाले, ''दामू, मला काय कळतं त्यातलं? मी काय वायरमन आहे?''

त्याचं तोंड पाहिलं आणि मला वाटलं – फिटलं. तो चपला घालून गेला. मी दार लावलं आणि आरशात पाहून कुंकू नीट केलं.

एवढ्यावर मी थांबू शकले असते, नाही का? भाऊसाहेबांना लायसन्सच्या कचेरीत तक्रार करायची होती. अर्ज चांगल्या इंग्रजीत हवा होता. नौपाड्यात चांगलं इंग्रजी कुणाचं? ते स्वतः आले. 'तुमच्याइतका मुद्देसूद कोण लिहिणार, वहिनी,' म्हणाले. मी चार परिच्छेद लिहिले. निष्काळजीपणाला इंग्रजीत तीन शब्द आठवले, त्यातला सगळ्यात जड निवडला. आजोबांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, ''तुझं शिक्षण वाया नाही गेलं हो.'' यावेळी ते हसले नाहीत.

आपण काम केल्यावर कुणीतरी पिन उघडली, असं दामू कचेरीत म्हणाला. तिथले साहेब पिन दाखव म्हणाले. पिन माझ्या शिवणाच्या डब्यात होती. त्याचं लायसन्स गेलं. उन्हाळ्यात दुकानाची पाटी उतरली, तिथे नंतर पानाची गादी झाली. बायका दुपारी पुन्हा माझ्याकडे येऊ लागल्या. मी नाही म्हणू लागले. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

पुढे चार-पाच वर्षांनी आम्ही डोंबिवलीला आलो, याच घरात. आजोबांनी हौसेने माझ्यासाठी इस्त्री आणली आणि घरमालकांना सांगून पॉइंट बसवून घ्यायचं ठरवलं. मालकांनी कंत्राटदाराला कळवलं. कंत्राटदाराचा माणूस आला तो दामू होता. केस पिकले होते. दुसऱ्याच्या लायसन्सवर, दुसऱ्याच्या हाताखाली काम करत होता, कल्याणला राहत होता.

त्याने मला ओळखलं, मी त्याला. त्याने हत्यारं काढली. तासभर भिंत खणली, तार ओढली. आता रंगीत वायर मिळत होती, तरी हिरव्या तारेला त्याने गाठ मारली, आणि मला दिसेल असं बाजूला होऊन मारली. दिवा लावून तपासून पाहिलं. मग म्हणाला, ''हे मोठं भोक अर्थचं. आता बिनघोर लावा, वैनी.''

मी चहा विचारला. तो नको म्हणाला.

मला त्या दिवशी पश्चात्ताप झाला का? नाही. तो माझ्या घरी भिंत खणतोय आणि मी खुर्चीवर बसून बघतेय, याचं मला बरं वाटलं होतं. पश्चात्ताप पुष्कळ नंतर आला, तोवर दामू कुठे आहे हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

अनुजा, कॉलेजात काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, वायरचे दोन तुकडे आहेत. एक दामूने परत केलेला, एक मी कापलेला, पिनेसकट. दोन्हींवर टाका सारखाच आहे, एकही उसवलेला नाही. आणि दामूने बसवलेला पॉइंट भिंतीत आहे. तो आजही चालतो. माझी इस्त्री मी त्यावरच लावते.

– आजी